अन्नकायद्याच्या पहिल्या तासाविषयी : अन्नतंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अन्नतंत्रज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांस,

सप्रेम नमस्कार.

अन्नविषयक कायद्यांच्या पहिल्या तासाला आपल्यापैकी बरेच जण एक ओळ फळ्यावर लिहितात किंवा पडद्यावर दाखवतात : १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीमुळे शिकागोच्या मांस कारखान्यांतील घाण उजेडात आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. मीही विद्यार्थिनी असताना ही ओळ वहीत उतरवून घेतली, परीक्षेत तिच्यावर टीप लिहून गुण मिळवले, आणि पुढे कोकणातल्या मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून बारा वर्षे काम करताना नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना ती सांगितलीही. कादंबरी मात्र वाचली ती नोकरी सोडल्यानंतर. वाचून संपली तेव्हा लक्षात आले की ज्या पुस्तकाचे नाव मी इतकी वर्षे घेत आले, ते पुस्तक कशाविषयी आहे हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

फळ्यावरची ती ओळ खोटी नाही, पण ती अर्धी आहे. कादंबरी लिहिली गेली ती मांस कापणाऱ्या माणसांसाठी, आणि आपण ती शिकवतो मांस खाणाऱ्यांची कैवारी म्हणून. या अर्धवटपणाचा परिणाम असा होतो की आपला विद्यार्थी कारखान्यात पाऊल ठेवतो तेव्हा त्याची नजर मालावर पक्की बसलेली असते आणि माल हाताळणाऱ्या हातांवरून ती नुसती फिरून जाते. हे मी इतरांविषयी तर्काने लिहीत नाही. माझी नजर अशीच घडली होती, आणि तिचे काय झाले ते पुढे सांगणार आहे.

आधी पुस्तक कशातून आले ते पाहू. १९०४ च्या जुलैमध्ये शिकागोतील मांस कारखान्यांच्या कामगारांनी संप केला आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तो मोडून पडला. ‘अपील टू रीझन’ नावाच्या समाजवादी साप्ताहिकाने सव्वीस वर्षांच्या सिंक्लेअर यांना पाचशे डॉलर आगाऊ देऊन या कामगारांच्या जगण्यावर कादंबरी लिहायला सांगितले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत सिंक्लेअर सात आठवडे कारखान्यांच्या वस्तीत राहिले. अंगावर जुने कपडे आणि हातात जेवणाचा डबा असला की तिथे कोणी कोणाला अडवत नसे, त्यामुळे कामगारांच्या लोंढ्यातून ते आत-बाहेर करू शकले आणि संध्याकाळी त्यांच्या घरी बसून ऐकू शकले. १९०५ मध्ये कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली, १९०६ च्या फेब्रुवारीत ती पुस्तकरूपाने निघाली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या कामगारांच्या नावे आहे.

कथा लिथुआनियातल्या खेड्यातून आलेल्या बारा माणसांच्या कुटुंबाची आहे. त्यात युर्गिस हा दणकट शेतकरी तरुण आहे, त्याची होणारी बायको ओना आहे, तिची सावत्र आई एल्झ्बिएता व तिची मुले आहेत, आणि युर्गिसचे म्हातारे वडील आंतानास आहेत. युर्गिसला काम लगेच मिळते, कारण कारखान्याच्या दाराशी ताटकळणाऱ्या गर्दीतून मुकादम धडधाकट देह नेमका उचलतो. कत्तलीच्या ओट्यावर आतडी झाडून नेण्याचे ते काम असते आणि मजुरी तासाला साडेसतरा सेंट. प्रत्येक संकटाला त्याचे एकच उत्तर असते, ‘मी आणखी काम करीन.’ घर घ्यायचे ठरते. किंमत पंधराशे डॉलर, तीनशे रोख, बाकीचे महिन्याला बारा डॉलरप्रमाणे. करारावर इंग्रजीत काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नाही, आणि हप्त्यांवर व्याजही आहे हे कळते ते घरात राहायला गेल्यावर, शेजारच्या म्हातारीकडून. ज्याने परप्रांतात किंवा परमुलखात जाऊन पहिले घर घेतले आहे, त्याला ही पाने वाचताना पोटात गोळा आल्याशिवाय राहणार नाही.

आपण सूक्ष्मजीवशास्त्र जाणता, म्हणून या कादंबरीत मी एकाच जंतूचा माग काढून दाखवते. तो जंतू क्षयाचा आहे.

तिसऱ्या प्रकरणात हे कुटुंब कारखाना पाहायला जाते. पाहुण्यांसाठी तशी सोय असे. मारलेले डुक्कर थंड खोलीत जाण्याआधी दाराशी बसलेला सरकारी निरीक्षक त्याच्या मानेतल्या गाठी चाचपून क्षय आहे की नाही ते पाहतो. हा निरीक्षक फार घाईत नसतो. कोणी बोलायला आले की तो गप्पांत रमतो आणि तेवढ्यात डझनभर डुकरे हात न लागता पुढे सरकतात. आपण विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगतो तो तपासणीतल्या ढिलाईचा नमुना म्हणून, आणि तसा तो आहेच. पण १९०६ च्या कायद्याआधीही त्या इमारतीत डुकराच्या क्षयाची तपासणी करायला सरकारचा पगारी माणूस बसलेला होता, हेही त्याच प्रसंगात दिसते.

आता सहावे प्रकरण. शेजारची माजाउश्किएने आजी नव्या कुटुंबाला त्या घराचा इतिहास सांगते. आधी जर्मन राहत, मग आयरिश आले, मग बोहेमियातले, मग पोलिश, आणि आता लिथुआनियन. प्रत्येक नव्या लोंढ्याने आधीच्यांची मजुरी पाडली, आणि हप्ते थकले म्हणून एकामागून एक कुटुंब त्या घराबाहेर पडले. बोलता बोलता आजी सांगते की हे घर अपशकुनी आहे, इथे राहिलेल्या प्रत्येक कुटुंबात कोणाला तरी क्षय झालाच. असे का होते ते कोणालाच सांगता येत नाही. काहींचे म्हणणे, घराचे बांधकाम अवसेच्या काळोखात सुरू केले म्हणून. वस्तीत अशी डझनांनी घरे आहेत, आणि काही घरांत तर अमुक खोलीत झोपणारा माणूस गेलाच म्हणून समजावे, असे ती बोट दाखवून सांगते. या म्हातारीला जंतूची उपपत्ती माहीत नाही, पण रोगप्रसाराचे तिचे निरीक्षण एखाद्या सर्वेक्षकाइतके चोख आहे. तिच्या खोल्या तपासायला मात्र कोणीही येत नाही.

मग आंतानास. या म्हाताऱ्याला काम मिळवण्यासाठी एका माणसाला मजुरीचा तिसरा हिस्सा द्यावा लागतो. काम असते मांस खारवण्याच्या तळघरात फरशी पुसण्याचे. जमिनीवर सांडणारे खारवणीचे पाणी दिवसभर पायाखाली असते आणि थोड्याच दिवसांत ते त्याचे नवे बूट खाऊन टाकते. गटाराच्या जाळीत अडकलेले मांसाचे तुकडे तो फावड्याने काढतो, आणि ते तुकडे पुन्हा बाकीच्या मांसाच्या गाडीत टाकायचा त्याला हुकूम असतो. हा हुकूम सगळ्यांच्या लक्षात राहतो, विद्यार्थ्यांना आपण तो सांगतो आणि वर्गात ‘ईऽ’ असा आवाज उठतो. फावडे धरणाऱ्याचे पुढे काय झाले ते सातव्या प्रकरणात आहे. अंधाऱ्या, ओल्या तळघरात त्याला लागलेला खोकला काही केल्या थांबत नाही. पायांना फोड येतात. तो सोबत्यांना विचारतो तेव्हा कळते की यात नवीन काही नाही, हे सोऱ्याचे, म्हणजे खारवणीतल्या क्षाराचे काम आहे, आज ना उद्या प्रत्येकालाच होते, फोड भरून येत नाहीत आणि काम सोडले नाही तर शेवटी बोटे गळून पडतात. घरच्यांना खर्चात टाकायचे नाही म्हणून तो पाय बांधतो आणि कामावर जात राहतो. एके दिवशी तो कोसळतो. अंथरुणावर हाडे दिसू लागतात, एका रात्री तोंडातून रक्त येते. घाबरलेले घरचे लोक डॉक्टरला बोलावतात, आणि अर्धा डॉलर मोजून एवढेच ऐकतात की आता करण्यासारखे काही उरलेले नाही.

आणि शेवटी चौदावे प्रकरण, ज्यातले सॉसेजचे वर्णन सगळ्या जगाने वाचले. तिथे भुशाने आणि मातीने भरलेल्या जमिनीवर मांस पडलेले असते, आणि त्या जमिनीवर कामगार चाललेले व थुंकलेले असतात, क्षयाचे असंख्य जंतू तिथे पसरलेले असतात. हे वाचून देश हादरला. पण ते जंतू जमिनीवर आले कोठून? ते आंतानाससारख्यांच्या छातीतून आले. सातव्या प्रकरणात म्हातारा खोकून मरतो तेव्हा वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. त्याच्याचसारख्या कोणाची थुंकी चौदाव्या प्रकरणात आपल्या ताटाशी पोचते, तेव्हा तो सरकारला पत्र लिहितो. माणसाचा क्षय ही बातमी झाली नाही. मांसाला लागलेला क्षय ही बातमी झाली.

नवव्या प्रकरणात सिंक्लेअर खात्यांमागून खाती घेतात आणि कामावरून आजार ओळखता येईल अशी यादीच देतात. खारवण्याच्या खोलीत आम्लाने सांधे खाल्लेली बोटे, हाडे सोलणाऱ्यांचे सुरीने पुन्हा पुन्हा चिरून नुसता मांसाचा गोळा उरलेले अंगठे, थंड खोल्यांतील संधिवात, डबे बनवणाऱ्यांच्या कापलेल्या हातांना होणारा रक्तदोष. औद्योगिक आजारांवरच्या एखाद्या पाठ्यपुस्तकाचे हे प्रकरण शोभेल. यादीच्या शेवटी उकळत्या टाक्यांच्या खोलीत काम करणारी माणसे येतात, जी कधी टाकीत पडत आणि दिवस दिवस कोणाच्या ध्यानातही येत नसत, तोवर हाडांखेरीज त्यांचे सगळे चरबीच्या डब्यांतून बाजारात गेलेले असे. चर्चा झाली ती याच वाक्याची, आणि लोकांच्या अंगावर काटा आला तो चरबीच्या विचाराने. टाकीला कठडा का नव्हता, असा प्रश्न फार थोड्यांना पडला.

पुढे काय झाले ते आपण शिकवताच. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कामगार आयुक्त चार्ल्स नील आणि समाजसेवक जेम्स रेनॉल्ड्स यांना शिकागोला पाठवले, त्यांचा अहवाल ४ जून १९०६ रोजी संसदेपुढे ठेवला, आणि ३० जूनला मांस तपासणीचा कायदा व शुद्ध अन्न व औषध कायदा अशा दोन्हींवर सही झाली. तपासणीसाठी दरवर्षी तीस लाख डॉलर सरकारी तिजोरीतून द्यायचे ठरले. सिंक्लेअर यावर समाधानी नव्हते, कारण शिक्का सरकारचा, खर्च जनतेचा आणि त्या शिक्क्याने वाढणारी विक्री कारखानदारांची, असा तो हिशेब होता. त्याच वर्षी त्यांनी लिहिले की मी जनतेच्या काळजावर नेम धरला होता, पण चुकून तो पोटाला लागला. हे वाक्य आपणही वर्गात सांगतो, बहुधा तासाच्या शेवटी, मुलांना जरा हसू यावे म्हणून. मला ते आता हसण्याचे वाटत नाही. एका लेखकाने आपले मुख्य काम फसल्याची ती कबुली आहे.

नील आणि रेनॉल्ड्स यांचा अहवाल कादंबरी नव्हे, तो सरकारी कागद आहे, आणि त्यात कामगार आहेत. कामगारांच्या आरोग्याची आणि सोयीची कोणी काळजीच घेत नाही, हे त्यांनी नोंदवले. बायका आणि मुली ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोल्यांत काम करतात, हवा यायला वाट नाही, उजेड फक्त दिव्यांचा, आणि जमीन इतकी ओली की पाय कोरडे राहावेत म्हणून काही मुली भुसा भरलेल्या खोक्यांत उभ्या राहतात, असे त्यात लिहिले आहे. अहवालातले मांस कायद्यात गेले. खोक्यांत उभ्या असलेल्या मुली अहवालातच राहिल्या.

हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण त्या खोक्यांतल्या मुली मी पाहिल्या होत्या.

१९९७ साली युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात बंद केली, हे आपल्याला माहीत आहेच. मी ज्या कारखान्यात होते त्यानेही त्यानंतर कात टाकली. भिंतींना पांढऱ्या फरशा लागल्या, दिव्यांना आवरणे आली, प्रत्येक दाराशी पाय बुडवायला क्लोरीनच्या पाण्याचे हौद झाले, आणि माझ्या टेबलावर नोंदवह्यांची चळत आली. दर अर्ध्या तासाला कोळंबीचे तापमान, बर्फाच्या पाण्यातले क्लोरीन, हात बुडवायच्या पाण्यातले क्लोरीन. कोळंबी सोलणाऱ्या मुली केरळातून ठेकेदाराने आणलेल्या होत्या, घरच्यांना काही रक्कम आगाऊ देऊन. होड्या लागल्या की पहाटे तीनला त्यांना उठवत, आणि मजुरी किलोवर होती. गमबुटात, बर्फाच्या पाण्याशेजारी त्या सात-आठ तास उभ्या असत. बोटांची टोके पांढरीफटक पडून सालटी निघत. रात्री त्या एकमेकींच्या बोटांना खोबरेल तेल चोळत बसत.

पाळी सुरू होताना सगळ्यांचे हात तपासणे हे माझे काम होते. तळवे वर, मग खाली. जखम दिसली की त्या मुलीला आत सोडायचे नाही, कारण जखमेतले जंतू मालात जातात. नियम बरोबर आहे, आपण तो शिकवता, आजही मी तो चुकीचा म्हणणार नाही. पण आत सोडले नाही म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि जखम होणार ती कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्यानेच. एक मुलगी रोज करंगळी मिटून हात पुढे करायची. चार दिवस मला ते कळले नाही, पाचव्या दिवशी मी ती करंगळी उघडली. पेरापासून खाली सुजून हिरवट झाली होती. मी तिला परत पाठवले आणि वहीत लिहिले, ‘जखमी कामगार आढळल्याने उत्पादन विभागातून वगळले.’ पुढच्या महिन्यात बाहेरून आलेल्या तपासनीसांनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि माझे कौतुक केले. त्या बोटाचे पुढे काय झाले, तिला डॉक्टरकडे कोणी नेले का, ती घरी कधी गेली, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद माझ्या कुठल्याही वहीत नाही, कारण तसा रकाना नव्हता. मीही तो आखून घेतला नाही. बारा वर्षांत मला तो आखावासा वाटला नाही, ही माझी चूक आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मी १९०६ च्या कायद्यांना कमी लेखत नाही. त्यांनी अगणित माणसांचे प्राण वाचवले असतील. पण ती तारीख वर्गात सांगताना पुढच्या तारखाही सांगाव्यात, अशी विनंती आहे. शिकागोच्या मांस कारखान्यांत आठ तासांचा दिवस आला तो १९१८ मध्ये, न्यायाधीश सॅम्युएल आल्शुलर यांच्या लवादामुळे. बालमजुरीला आळा घालणारा टिकाऊ राष्ट्रीय कायदा १९३८ चा. आणि कामाच्या जागी माणूस सुरक्षित असावा म्हणून सरकारी निरीक्षक पाठवणारा देशव्यापी कायदा झाला २९ डिसेंबर १९७० रोजी. मांसाला मिळालेला निरीक्षक माणसाला मिळायला आणखी चौसष्ट वर्षे गेली.

आणि मिळाल्यावरही तो पोचेलच असे नाही. ३ सप्टेंबर १९९१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट या गावी कोंबडीच्या मांसाचे तळलेले पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. चोरी होऊ नये आणि माश्या आत येऊ नयेत म्हणून दारे बंद ठेवलेली होती. त्या कारखान्याच्या अकरा वर्षांत कामगार-सुरक्षेची तपासणी एकदाही झालेली नव्हती. मांस तपासणारा सरकारी निरीक्षक मात्र तिथे रोज येत होता. हे वाक्य आपण विद्यार्थ्यांपुढे एकदा सावकाश वाचून दाखवा. माशी आत आली तर ते अन्नसुरक्षेचे उल्लंघन असते, ते आपण त्यांना शिकवलेले असते. दार बाहेर उघडत नाही याकडे बघणे कोणाच्या विषयात येते, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की कादंबरी ती कादंबरी, तिच्यावर तंत्रज्ञानाच्या वर्गात किती भार टाकायचा. यावर माझे उत्तर असे की आपण तो आधीच टाकलेला आहे. घाणीची वर्णने आपण पुरावा म्हणून सांगतो आणि कामगारांची वर्णने कल्पित म्हणून सोडून देतो, हे एका पुस्तकाला दोन मापे लावणे झाले. नील-रेनॉल्ड्स अहवालाने दोन्हींना दुजोरा दिला. टाकीत पडलेल्या माणसांची गोष्ट तेवढी सिद्ध झाली नाही, तेही मुलांना सांगावे.

पुस्तकातले दोषही झाकू नयेत. शेवटची प्रकरणे कथा सोडून भाषणांकडे वळतात. त्याहून गंभीर म्हणजे संप मोडण्यासाठी दक्षिणेकडून आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांविषयी सिंक्लेअर यांनी अत्यंत तुच्छतेने लिहिले आहे, आणि ते वर्णद्वेषीच आहे. तेही भुकेपायी आलेले परमुलखातले मजूरच होते, माजाउश्किएने आजीने सांगितलेल्या रांगेतले पुढचे. ज्या लेखकाला लिथुआनियन मजुराचे दुःख इतके जवळून दिसले, त्याला हे दिसू नये, याचे मला वाईट वाटते. विद्यार्थ्यांना ही पानेही दाखवावीत.

हे सगळे जुने झाले, असेही कोणी म्हणेल. कादंबरीत चौदा वर्षांचा स्तानिस्लोवास आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायचे नाही असा कायदा असतो, म्हणून घरचे त्याचे वय दोन वर्षांनी वाढवलेला दाखला आणतात, आणि तो तासाला पाच सेंटवर दिवसभर चरबीच्या यंत्राखाली रिकामे डबे ठेवत उभा राहतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कामगार खात्याने जाहीर केले की मांस कारखान्यांची सफाई करणाऱ्या एका ठेकेदाराने आठ राज्यांत १३ ते १७ वयाची १०२ मुले धोक्याच्या कामाला लावली होती. रात्रपाळीत ती हाडे कापायच्या करवती धूत होती, तीव्र रसायने हाताळत होती. ठेकेदाराला पंधरा लाख डॉलर दंड झाला. करवती रोज धुतल्या जाव्यात हा आपल्या विषयाचा नियम. त्या कोण धुते, हा प्रश्नही आपल्याच विषयाचा का असू नये?

आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन वेगळे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय वेगळे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, कारखाने अधिनियम १९४८ चा, ज्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. विद्यार्थी पहिला पाठ करतो, दुसऱ्याचे नुसते नाव ऐकतो. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी असा नियम आहे, पण मी जे दाखले फाइलला लावत असे त्यांत एवढेच लिहिलेले असायचे की या व्यक्तीपासून अन्नाला धोका नाही. कामापासून त्या व्यक्तीला काय धोका आहे, ते त्या कागदावर विचारलेले नसायचे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि एकीलाही विद्यापीठाची परवानगी लागणार नाही. पहिली अशी की १९०६ ची ओळ सांगताना त्याच तासाला आंतानासचा मृत्यू आणि नील-रेनॉल्ड्स अहवालातल्या भुशाच्या खोक्यांचा उल्लेख वाचून दाखवावा. दुसरी अशी की अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना आपण व्याख्यानाला बोलावतो, तसे वर्षातून एकदा औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनाही बोलवावे. तिसरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. कारखाना-भेटीनंतर विद्यार्थी जो अहवाल लिहितात त्यात एक पान वाढवावे, आणि त्या पानावर त्यांनी यंत्राऐवजी एका कामगाराविषयी लिहावे : तो किंवा ती किती तास उभी असते, मजुरी तासावर आहे की नगावर, हातांची स्थिती काय आहे, जखम झाली तर मजुरी मिळते की बुडते, आणि तिच्या सर्वांत जवळचे दार आतून उघडते का. शेवटची गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः ढकलून पाहावी.

कादंबरीच्या तिसऱ्या, सहाव्या, सातव्या, नवव्या आणि चौदाव्या प्रकरणांतले काही उतारे मी मराठीत उतरवून ठेवले आहेत. मोठ्याने वाचले तर एका तासात बसतात. ज्या महाविद्यालयाला हवे असतील त्यांना मी ते विनामूल्य पाठवीन, आणि बोलावले तर स्वतः येऊन वाचून दाखवीन. पहिला उतारा आंतानासच्या नव्या बुटांचा आहे.

आपली नम्र,
मासळी प्रक्रिया उद्योगातील एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस